मिडी सिक्वेन्सरवरील पायरीनिहाय स्वरनोंदणी व संपादन : तीनतालातील लेहऱ्याच्या आधारे विवेचन

प्रस्तावना

तबल्याचा विद्यार्थी एकट्याने रियाज करीत असता त्याला सर्वांत अधिक उणीव भासते ती लेहऱ्याची. कायदा, रेला, तुकडा वा तिहाई यांचा हिशेब समेवर नेमका उतरला की नाही, हे ठरविण्यासाठी आवर्तन दाखविणारी स्वरावली सतत कानावर पडत राहावी लागते. बुलडाणा जिल्ह्यातील महाविद्यालये संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाशी संलग्न आहेत व या विद्यापीठाच्या कला शाखेत संगीत हा विषय शिकविला जातो. तथापि तेरा तालुक्यांच्या या जिल्ह्यात प्रत्येक विद्यार्थ्याला रोज हार्मोनियमवर लेहरा धरणारा साथीदार मिळेलच, असे नाही. ही उणीव भरून काढण्याचे एक साधन आज कीबोर्डच्या रूपाने सर्वत्र पोहोचले आहे. लग्नसमारंभातील वाद्यवृंदापासून शाळेच्या स्नेहसंमेलनापर्यंत कीबोर्ड दिसतो. परंतु त्यातील सिक्वेन्सर या भागाचा शैक्षणिक उपयोग मात्र क्वचितच केला जातो.

कीबोर्ड सफाईने वाजविता येत नाही, हे त्यामागील एक कारण होय. प्रत्यक्षात सिक्वेन्सरवर स्वर नोंदविण्यासाठी वादनकौशल्याची गरज असतेच असे नाही. एकेक स्वर सावकाश, एकेका पायरीने नोंदविण्याची पद्धत त्यात उपलब्ध असते. तिला प्रचारात स्टेप रेकॉर्डिंग म्हणतात. प्रस्तुत लेखात तिचा उल्लेख ‘पायरीनोंद’ असा केला आहे. ही पद्धत म्हणजे मूलतः स्वरलेखनाचीच एक रीत होय, आणि म्हणून स्वरलेखनाचे सामर्थ्य व त्याच्या उणिवा या दोन्ही गोष्टी तिच्यात उतरतात, हे तीनतालातील एका लेहऱ्याच्या आधारे येथे स्पष्ट करण्यात येत आहे.

मिडी : स्वरूप आणि पार्श्वभूमी

मिडी ही ध्वनी साठविण्याची पद्धत नव्हे. ती वाद्यांनी परस्परांना द्यावयाच्या सूचनांची एक सर्वमान्य भाषा आहे. विविध उत्पादकांची इलेक्ट्रॉनिक वाद्ये एकमेकांशी जोडता यावीत, या गरजेतून ती निर्माण झाली. अमेरिकेतील डेव्ह स्मिथ आणि जपानमधील रोलँड या संस्थेचे संस्थापक इकुतारो काकेहाशी यांच्या पुढाकाराने ती आकारास आली. १९८३ च्या जानेवारीत दोन वेगवेगळ्या उत्पादकांची वाद्ये या पद्धतीने जाहीररीत्या प्रथम जोडून दाखविण्यात आली. या कार्यासाठी दोघांना २०१३ मध्ये तांत्रिक ग्रॅमी पुरस्कार देण्यात आला. योगायोग असा की, अमरावती विद्यापीठाची स्थापनाही १९८३ चीच होय.

मिडीच्या भाषेत कीबोर्डवरील प्रत्येक स्वराला ० ते १२७ यांपैकी एक क्रमांक असतो. मध्य सप्तकातील पांढरी एक म्हणजे क्रमांक ६०. तेथून प्रत्येक अर्धस्वराला एक अंक वाढतो. पट्टी दाबली की तीन गोष्टी कळविल्या जातात : कोणत्या चॅनलवर, कोणता स्वर आणि किती जोराने. या जोराला व्हेलॉसिटी म्हणतात व तोही १२७ पर्यंतच्या अंकांत मोजला जातो. पट्टी सोडली की स्वर थांबविण्याची दुसरी सूचना जाते. एका तारेवरून असे सोळा चॅनल स्वतंत्रपणे चालू शकतात. सूचनांचा वेग सेकंदाला ३१,२५० बिट इतका ठरविलेला असल्याने एक स्वर सुरू करण्याची सूचना पोहोचण्यास सुमारे एक सहस्रांश सेकंद लागतो.

सूचना आणि ध्वनी यांतील हा भेद व्यवहारात फार महत्त्वाचा आहे. सीडीच्या दर्जाचे आठ सेकंदांचे ध्वनिमुद्रण साठविण्यास सुमारे चौदा लाख बाइट लागतात. त्याच आठ सेकंदांतील पंधरा स्वरांच्या मिडी सूचना दीडशे-दोनशे बाइटमध्ये मावतात. ध्वनिफीत हळू चालविली तर लयीबरोबर स्वरही उतरतो. मिडीत मात्र लय बदलली तरी स्वर तोच राहतो, कारण तेथे केवळ सूचनांमधील अंतर बदलते. एकच लेहरा विलंबितापासून द्रुतापर्यंत वापरता येतो, तो यामुळेच.

पायरीनोंदीची कल्पना मिडीहून जुनी आहे. रोलँडने १९७७ मध्ये आणलेल्या एमसी-८ या यंत्रात स्वर व काल अंकांच्या कळा दाबून भरावे लागत. त्यानंतरच्या टीबी-३०३ या छोट्या यंत्रात स्वरांचा क्रम आणि त्यांचा काल वेगवेगळा नोंदविण्याची सोय होती. या यंत्राचा एक लक्षणीय उपयोग महाराष्ट्रातच झाला. मुंबईच्या चित्रपटसंगीतात वादक म्हणून काम केलेले चरणजित सिंग यांनी १९८२ मध्ये टीबी-३०३, टीआर-८०८ व ज्युपिटर-८ या यंत्रांवर भैरवी, भूपाली, तोडी, यमन, मालकंस आदी दहा राग डिस्कोच्या तालावर ध्वनिमुद्रित केले. ही ध्वनिमुद्रिका त्या वेळी फारशी गाजली नाही. २०१० मध्ये तिचे पुनःप्रकाशन झाल्यावर तिच्याकडे जगभर लक्ष वेधले गेले. रागाचे स्वर यंत्रात पायरीपायरीने भरता येतात, याचा हा मिडीपूर्व दाखला होय. टीबी-३०३ मध्ये एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोय होती, ही बाबही येथे ध्यानात घेण्यासारखी आहे. तिचा विचार पुढे येईल.

स्वरलिपी आणि पायरीनोंद यांतील साम्य

पं. विष्णु नारायण भातखंडे यांच्या लिपीत ताल हा आधार असतो. मात्रांचे समान रकाने पाडले जातात, समेखाली फुलीचे व कालाखाली शून्याचे चिन्ह येते आणि प्रत्येक रकान्यात त्या मात्रेचा स्वर लिहिला जातो. स्वर लांबवावयाचा असल्यास पुढील रकान्यात आडवी रेघ देतात; एका मात्रेत अनेक स्वर आल्यास त्यांखाली कंस काढतात. पं. विष्णु दिगंबर पलुस्कर यांच्या लिपीत मात्र प्रत्येक स्वराखाली त्याच्या कालमानाचे स्वतंत्र चिन्ह दिले जाते. पहिल्या पद्धतीत स्वराचा काल त्याच्या जागेवरून कळतो, दुसरीत तो स्वराला जोडलेल्या चिन्हावरून कळतो.

सिक्वेन्सरमध्ये या दोन्ही रीती एकत्र नांदतात. पायरीची लांबी एक मात्रा ठरवून दिली की प्रत्येक पायरी हा भातखंडे लिपीतील एक रकाना होतो. त्याच वेळी प्रत्येक स्वराला त्याची स्वतःची लांबी असते व ती नंतर वेगळी बदलता येते. हा झाला पलुस्कर लिपीचा विशेष. स्वरलिपी वाचता येणाऱ्या अध्यापकास पायरीनोंद परकी वाटू नये, याचे कारण हेच. कागदावर लिहिलेली बंदिश चुकीची असली तर ती चूक वाचणाऱ्याच्या लक्षात येईलच असे नाही. सिक्वेन्सर मात्र लिहिलेले लगेच वाजवून दाखवितो.

मात्रेचे पोटविभाग मोजण्यासाठी सिक्वेन्सर टिक हे सूक्ष्म एकक वापरतो. अनेक सिक्वेन्सरमध्ये एका मात्रेचे ४८० टिक धरतात. दुगुणीत प्रत्येक स्वराला २४०, तिगुणीत १६०, चौगुणीत १२० आणि पाचपटीत ९६ टिक येतात. सातपटीत मात्र भागाकार पूर्ण होत नाही. काही स्वरांना ६८ तर काहींना ६९ टिक द्यावे लागतात. मिनिटास १२० मात्रांच्या लयीत एक टिक सुमारे एक सहस्रांश सेकंदाचा असल्याने हा फरक कानाला जाणवत नाही.

लेहऱ्याची पायरीनोंद : प्रत्यक्ष कृती

विवेचनासाठी भूप रागातील पुढील साधा लेहरा घेऊ. षड्ज पांढरी एक, म्हणजे क्रमांक ६० मानला आहे. वादी गांधार समेवर व संवादी धैवत कालावर ठेवला आहे, जेणेकरून विद्यार्थ्यास सम व काल केवळ स्वरावरून ओळखता यावेत.

मात्रा १ ते ४ : ग – रे ग
मात्रा ५ ते ८ : प ग प सां
मात्रा ९ ते १२ : ध – प ग
मात्रा १३ ते १६ : रे, सा, मंद्र ध, आणि सोळाव्या मात्रेत सारे हे दोन स्वर

या स्वरांचे क्रमांक असे : मंद्र ध ५७, सा ६०, रे ६२, ग ६४, प ६७, ध ६९, तार सा ७२. नोंदणीची कृती पुढीलप्रमाणे करावी.

१. नवा ट्रॅक घेऊन त्यास एक चॅनल व हार्मोनियमसदृश ध्वनी द्यावा. १९९१ मध्ये ठरलेल्या जनरल मिडी या १२८ ध्वनींच्या सर्वमान्य यादीत सतार व सनई आहेत. हार्मोनियम, तबला व तंबोरा मात्र त्या नावांनी नाहीत. साधी ध्वनियादी असलेल्या कीबोर्डवर एकविसावा, म्हणजे रीड ऑर्गनचा ध्वनी हार्मोनियमच्या जवळचा ठरतो. भारतीय बाजारपेठेसाठी तयार झालेल्या अनेक कीबोर्डांत हार्मोनियमचा स्वतंत्र ध्वनी असतो.

२. मापाची रचना चार-चार मात्रांची ठेवावी. चार मापांचे एक आवर्तन होते. झपतालासाठी पाच मात्रांची दोन मापे, रूपकासाठी सात मात्रांचे एक माप घ्यावे. लय आरंभी मिनिटास ६० मात्रा ठेवावी, म्हणजे आवर्तन १६ सेकंदांचे होते.

३. पायरीची लांबी एक मात्रा निवडावी. प्रत्येक स्वर आपल्या पायरीचा किती भाग वाजावा, हे ठरविणाऱ्या अंकास गेट म्हणतात. हार्मोनियमच्या सलग ध्वनीसाठी तो ९५ टक्क्यांच्या आसपास ठेवणे सोयीचे. व्हेलॉसिटी सर्व स्वरांना प्रथम ८० द्यावी.

४. पायरीनोंद सुरू करून ग ची पट्टी दाबावी. स्वर नोंदला जाऊन दर्शक पुढील पायरीवर जातो. दुसरी मात्रा ही त्याच गांधाराची लांबी असल्याने तेथे पट्टी न दाबता टाय, म्हणजे जोडकळ वापरावी. विश्रांतीची कळ वापरल्यास गांधार पहिल्या मात्रेतच तुटतो व दुसरी मात्रा रिकामी जाते. भातखंडे लिपीतील आडवी रेघ आणि रिकामी जागा यांत जो भेद आहे, तोच येथे आहे.

५. पंधराव्या मात्रेपर्यंत याच रीतीने नोंद करावी. धैवतापुढील दहाव्या मात्रेत पुन्हा जोडकळ लागेल.

६. सोळाव्या मात्रेपूर्वी पायरीची लांबी अर्धी मात्रा करावी, सा व रे नोंदवावेत आणि लांबी पुन्हा एक मात्रा करावी. ही शेवटची कृती राहून गेली, तर पुढे जोडलेला प्रत्येक स्वर अर्ध्या मात्रेचा होतो. नवशिक्यांच्या नोंदीत लेहरा अचानक दुगुणीत गेल्यासारखा वाटतो, त्याचे कारण बहुधा हेच असते.

नोंद झाल्यावर ऐकण्यापूर्वीच दोन अंक तपासावेत. एका आवर्तनाची लांबी १६ गुणिले ४८०, म्हणजे ७,६८० टिक भरली पाहिजे. आणि कालावरील धैवत ३,८४० व्या टिकवर आला पाहिजे. पहिला अंक बरोबर व दुसरा चूक असेल, तर पूर्वार्धात जेवढी मात्रा वाढली तेवढीच उत्तरार्धात घटली आहे, असे समजावे. अशी चूक केवळ ऐकून सापडत नाही, कारण सम बरोबरच येत राहते.

संपादन

नोंदविलेले स्वर दोन प्रकारे पाहता येतात. एका प्रकारात आडव्या कालरेषेवर स्वरांच्या पट्ट्या दिसतात. जितकी पट्टी लांब तितका स्वर लांब. दुसऱ्या प्रकारात प्रत्येक घटना एका ओळीत अंकांनी लिहिलेली असते : स्थान, स्वरक्रमांक, व्हेलॉसिटी व लांबी. मोठे बदल पट्ट्यांवर व सूक्ष्म बदल यादीत करणे सोयीचे असते.

संपादनाचे पहिले काम आघातांचे. सर्व स्वर सारख्या जोराने वाजत असल्यास लेहरा निर्जीव वाटतो व समेचे भान सुटते. समेवरील गांधारास १००, पाचव्या व तेराव्या मात्रांस ८५ आणि कालावरील धैवतास ७० अशी व्हेलॉसिटी दिल्यास तालाचे विभाग स्पष्ट होतात. काही ध्वनी व्हेलॉसिटीला प्रतिसाद देत नाहीत. तेथे आवाजाचा स्वतंत्र नियंत्रक वापरावा लागतो.

दुसरे काम आवर्तन जोडण्याचे. लेहरा अखंड फिरत ठेवताना शेवटचा रे ७,४४० व्या टिकवर सुरू होतो. तो २४० टिकांपेक्षा लांब असेल, तर ७,६८० ची सीमा ओलांडून समेच्या गांधारात मिसळतो वा काही यंत्रांत मध्येच तुटतो. शेवटच्या स्वराची लांबी यादीत पाहून किंचित आखूड करणे, एवढाच त्यावर उपाय आहे.

तिसरे काम स्थानांचे. प्रत्यक्ष वाजवून केलेल्या नोंदीत स्वर मात्रेच्या थोडे पुढेमागे पडतात. ते जवळच्या ठरावीक स्थानावर आणून बसविण्याच्या क्रियेला क्वांटाईझ म्हणतात. ही क्रिया उपयुक्त असली तरी तिचा वापर जपून करावा लागतो. वरील लेहऱ्यातील शेवटचा रे वादकाने ७,४५० व्या टिकवर वाजविला आणि क्वांटाईझची जाळी पूर्ण मात्रेची ठेवली, तर यंत्राच्या हिशेबाने त्याला जवळचे स्थान ७,६८० हेच ठरते. म्हणजे रे थेट पुढील समेवर जाऊन गांधारावर आदळतो. जाळी नेहमी रचनेतील सर्वांत लहान स्वराइतकी बारीक हवी. शिवाय बहुतेक सिक्वेन्सरमध्ये क्वांटाईझचे प्रमाण ठरविता येते. ४७० व्या टिकवरील स्वर पन्नास टक्के प्रमाणाने ४८० वर न जाता ४७५ वर थांबतो व वादनातील जिवंतपणा काही अंशी टिकतो.

चौथे काम पट्टी बदलण्याचे. पुरुषगायकासाठी काळी एकमध्ये तयार केलेली नोंद काळी चारमध्ये हवी असल्यास सर्व क्रमांकांत ७ मिळविले की झाले. हाताने वाजवावयाचे असते तर नव्या पट्टीचा स्वतंत्र सराव करावा लागला असता.

जे स्वरलिपीत येत नाही

आतापर्यंतच्या कृतीने हाती आलेला लेहरा शुद्ध व तालबद्ध असला, तरी त्यात राग कितपत आहे, हा प्रश्न उरतोच. हा प्रश्न संगीतक्षेत्रास नवा नाही. हार्मोनियममध्ये मींड निघत नाही व तिचे स्वर श्रुतिशुद्ध नसतात, या आक्षेपातून आकाशवाणीवर १९४० मध्ये तिच्यावर बंदी आली आणि ती शिथिल होण्यास १९७१ साल उजाडले. दरम्यान गावोगावच्या भजनी मंडळांनी मात्र पेटीला आपलेसे केले होते. मिडीवरही हाच आक्षेप घेतला जातो; फरक असा की, मिडीत त्याचे निदान अंशतः उत्तर उपलब्ध आहे.

ते उत्तर म्हणजे पिच बेंड ही सूचना. तिच्यायोगे वाजत असलेला स्वर वर वा खाली सरकविता येतो. तिचे एकूण १६,३८४ टप्पे असून मध्य ८,१९२ वर असतो. कक्षा सामान्यतः दोन्ही बाजूंस दोन अर्धस्वरांची ठेवलेली असते व ती वाढविता येते. भूपातील धैवतावरून पंचमावर मींडेने येणे हे याचे उत्तम उदाहरण होय. या दोन स्वरांतील अंतर नेमके दोन अर्धस्वरांचे आहे. धैवत ३,८४० व्या टिकवर सुरू होतो. ४,५६० पासून ४,८०० पर्यंत पिच बेंड मध्यापासून क्रमाक्रमाने तळापर्यंत नेला की तो पंचमावर येऊन पोहोचतो. आता अकराव्या मात्रेतील स्वतंत्र पंचम काढून टाकावा, धैवताचीच लांबी ५,२८० व्या टिकपर्यंत वाढवावी आणि तेथे, बाराव्या मात्रेचा गांधार सुरू होण्यापूर्वी, पिच बेंड पुन्हा मध्यावर आणावा. हे अखेरचे पाऊल चुकले, तर पुढील सर्व स्वर एका पूर्ण स्वराने उतरलेले ऐकू येतात. यादीत पाहिले तर पंचम कोठेच दिसत नाही, कानाला मात्र तो ऐकू येतो. नोंद आणि नाद यांतील अंतर याहून स्पष्ट क्वचितच दिसेल.

श्रुतीचा प्रश्नही अंकांत मांडता येतो. कीबोर्डवरील शुद्ध गांधार षड्जापासून ४०० सेंटांवर असतो. तंबोऱ्याच्या षड्जाशी ५:४ या प्रमाणात मिळणारा गांधार सुमारे ३८६ सेंटांवर येतो. हा १४ सेंटांचा फरक सराव झालेल्या कानास सहज कळतो. पिच बेंडच्या दोन अर्धस्वरांच्या कक्षेत तो मध्यापासून सुमारे ५६० टप्पे खाली येतो. प्रत्येक गांधाराला हे पुनःपुन्हा देण्याऐवजी, कीबोर्डवर स्केल ट्यूनची सोय असल्यास गांधाराची पट्टीच तेवढी उतरवून ठेवता येते. मात्र षड्ज बदलला की उतरविलेली पट्टीही बदलावी लागते : काळी एकच्या षड्जाचा गांधार पांढरी चारवर येतो.

मूळ पद्धतीत पिच बेंड संपूर्ण चॅनलला लागू होतो, ही एक मर्यादा होय. म्हणून तंबोऱ्याचा वा आधारस्वराचा ध्वनी नेहमी वेगळ्या चॅनलवर ठेवावा. अन्यथा मींडेबरोबर षड्जही घसरतो. प्रत्येक स्वराला स्वतंत्र पिच बेंड देण्याची सोय २०१८ मधील विस्ताराने व २०२० मध्ये स्वीकृत झालेल्या मिडी २.० ने केली आहे.

परंपरागत चालींच्या नोंदीत उपयोजन

लेहरा ही मुळातच ठरीव व पुनरावर्ती रचना असल्याने पायरीनोंदीस ती अनुकूल ठरते. जिल्ह्यातील भजनाच्या परंपरागत चालींचा विचार करता काम अधिक नाजूक होते. शेगावच्या श्री गजानन महाराज संस्थानाची पालखी दरवर्षी पंढरपूरला जाते, आणि टाळ, मृदंग व वीणेच्या साथीने होणारे वारकरी भजन हा येथील लोकजीवनाचा भाग आहे. एकाच अभंगाच्या चाली गावागणिक बदलतात. त्या बहुधा लिहिलेल्या नसतात. जुन्या गायकांच्या कंठात असतात आणि त्यांच्याबरोबर जातातही. अशी चाल महाविद्यालयाने नोंदवून ठेवावी, हे उचितच. पण येथेच पायरीनोंदीचा धोका सर्वांत अधिक असतो.

पायरीनोंदीत यंत्र स्वतःहून काहीही ऐकत नाही. प्रत्येक स्वर, त्याची लांबी व त्याचा जोर नोंदविणाऱ्याने ठरवावा लागतो. गायकाने आंदोलित केलेला स्वर शुद्ध मानावा की कोमल, दोन स्वरांमधील कण लिहावा की सोडावा, ओळीच्या शेवटी लांबलेली मात्रा दीड धरावी की दोन, हे सर्व निर्णय नोंदणाराच घेतो. निर्णय चुकला तरी यंत्र तो तितक्याच ठामपणे वाजविते. पुढील वर्षीच्या विद्यार्थ्यांनी ती नोंद ऐकून चाल बसविली, की चूक हीच चाल होऊन बसते. आणि तोवर मूळ गायक दुरुस्त करावयास असेलच, याची शाश्वती नसते.

म्हणून क्रम असा असावा : प्रथम गायकाच्या संमतीने मूळ गायनाचे ध्वनिमुद्रण, नंतर त्यावरून स्वरलिपी, नंतर पायरीनोंद, आणि शेवटी तयार नोंद गायकालाच ऐकवून त्याने दाखविलेल्या दुरुस्त्या. या शेवटच्या भेटीत खूप काही उलगडते. ‘इथं आम्ही असं घेत नाही’ हे गायकाचे वाक्य कागदावरील स्वरलिपी पाहून येत नाही. ते नोंद ऐकल्यावरच येते. भजनात लय क्रमाने चढत जाते, ही गोष्टही येथे सांभाळावी लागते. सिक्वेन्सर एरवी एकाच लयीत चालतो. परंतु लयीच्या स्वतंत्र नोंदी देऊन ती चढविता येते. कोणत्या ओळीवर टाळ वाढतो, हे ध्वनिमुद्रणावरून पाहूनच या नोंदी द्याव्यात.

मूळ ध्वनिमुद्रण कधीही पुसू नये. मिडी नोंद ही त्याची जागा घेऊ शकत नाही. ती त्याचे एक वाचन असते. प्रत्येक नोंदीसोबत गायकाने मान्य केलेल्या रीतीने त्याचा उल्लेख, गाव, दिनांक, षड्जाची पट्टी आणि नोंदणाऱ्याने घेतलेले संशयास्पद निर्णय लिहून ठेवावेत. १९८८ पासून रूढ असलेल्या स्टँडर्ड मिडी फाइल या प्रकारात नोंद साठविल्यास ती कोणत्याही यंत्रावर वा संगणकावर उघडता येते.

साधनांविषयी

यासाठी मोठ्या खर्चाची गरज नाही. अनेक कीबोर्डांत सिक्वेन्सर असतोच. नसल्यास कीबोर्ड यूएसबीच्या तारेने संगणकास जोडता येतो. म्यूझस्कोर व रोझगार्डन या विनामूल्य व मुक्त प्रणालींत पायरीनोंद करता येते. कीबोर्ड मुळीच नसला तरी संगणकाच्या कळफलकावरून म्यूझस्कोरमध्ये स्वर भरता येतात. त्याची मांडणी पाश्चात्त्य स्वरलिपीत असल्याने संगीताच्या विद्यार्थ्यांना त्या लिपीचाही अनायासे परिचय होतो. महाविद्यालयातील संगणक विभाग व संगीत विभाग यांनी एकत्र येऊन करावयाच्या प्रकल्पासाठी हा विषय विशेष योग्य आहे : एकास अंक कळतात, दुसऱ्यास स्वर.

निष्कर्ष

१. पायरीनोंद ही स्वरलिपीचीच यांत्रिक रीत असून स्वरलिपी जाणणाऱ्या अध्यापकास ती वादनकौशल्याशिवाय आत्मसात करता येते.

२. लेहऱ्यासारख्या ठरीव रचनेसाठी ती पुरेशी व विश्वसनीय आहे. आवर्तनाची एकूण लांबी व कालाचे स्थान हे दोन अंक तपासल्यास बहुतेक कालविषयक चुका सापडतात.

३. मींड, श्रुती व बदलती लय या गोष्टी पायरीनोंदीत आपोआप येत नाहीत. पिच बेंड, स्केल ट्यून व लयीच्या नोंदी यांद्वारे त्या जाणीवपूर्वक घालाव्या लागतात.

४. परंपरागत चालींच्या बाबतीत मूळ ध्वनिमुद्रण जपणे आणि नोंद गायकाकडून तपासून घेणे अनिवार्य होय. सिक्वेन्सरमध्ये जे साठते ते गाणे नसून गाण्याविषयी नोंदणाऱ्याने घेतलेले निर्णय असतात. त्यामुळे नोंदीची गुणवत्ता अखेर यंत्रावर नव्हे, तर नोंदणाऱ्याच्या कानावर अवलंबून राहते.